अकरा मिनिटं

भरलेली गाडी पश्चिमेला जाते, लोबितोच्या बंदराकडे.
तिचा आवाज पोटातून येतो.
रिकामी परत येते ती नुसती खडखडते,
लग्नाहून उपाशी परतलेल्या माणसासारखी.
फाटकाच्या खोलीत डोळे मिटूनही मला कळतं
कुठली कुठे चाललीय.

बाप याच रुळांवर लाकडं भरायचा.
इंजिनाच्या तोंडी घालायला गोऱ्यांनी
मैलोन्‌मैल निलगिरी लावली होती.
इंजिनं गेली, गोरे गेले,
निलगिरी अजून पाणी ओढतेय.
मग लढाई. रुळांमधून सत्तावीस वर्षं
गवत आणि सुरुंग.

मग आले ते दुसरे, पिवळ्या हेल्मेटवाले,
रात्री दिवे लावून काम करणारे.
कष्टाळू माणसं, खोटं कशाला बोलू?
एकाने मला कोबी लावायला शिकवलं.
आता तिसरे येतात, कोट घालून, ड्रोन उडवत.
म्हणतात, जपून राहा, दुसऱ्यांचा डाव वेगळा आहे.
दुसरेही तिसऱ्यांबद्दल हेच म्हणायचे.
दुभाषा तोच, आमचा सापालो.
शब्द बदलायचे कष्टसुद्धा पडत नाहीत, म्हणतो.

तिसऱ्यांच्या एका बाईने वहीत लिहून घेतलं:
गावाला काय हवं?
म्हटलं, गाडी थांबू दे. दोन मिनिटं.
तिने त्याखाली दोनदा रेघ ओढली.
पुढच्या वर्षी शाळेला रंग मिळाला.
निळा. चांगला आहे.

जूनमध्ये एका रात्री लौरिंदाचं मूल आडवं आलं.
दवाखाना साठ किलोमीटर. रस्ता पुलापाशी संपतो,
रूळ मात्र थेट दवाखान्याच्या दारावरून.
लाल कंदील घेऊन मी रुळाकडेने पूर्वेला पळत सुटले.
चौसष्ट डबे. किंचाळत, ठिणग्या पाडत
इंजिन फाटकाशी येऊन थांबलं.
ड्रायव्हर शिव्या देत उतरला, मग त्याने पाहिलं,
मग त्यानेच तिला पायांकडून उचललं.

महिन्याने पत्र आलं, शिक्का मारलेलं.
विलंब: अकरा मिनिटं. कारण: अनधिकृत.
नुकसान: आणि पुढे आकडा, डॉलरमध्ये.
सापालोने तीनदा वाचला.
म्हटलं, माझ्या पगाराने भाग बघू.
नऊ वर्षं आली, वर काही महिने.

दंड तसा किरकोळ, हप्त्याने फेडतेय.
पण आकडा डोक्यातून जात नाही.
फाटकाजवळच्या दगडावर तीन भाषांत 'मैत्री' कोरलीय.
आवळ्यामागे कोहळा आहे
हे आम्हाला बापाच्या वेळेपासून ठाऊक.
केवढा आहे, ते कुणी सांगितलं नव्हतं,
त्या बिचाऱ्या कारकुनाने लिहिलं तोवर.

मुलगी झाली. आडदांड आहे.
भरलेली गाडी गेली की शांत झोपते,
रिकामी आली की दचकून रडते.
लौरिंदा म्हणते, हिला कुणी शिकवलं?