शंभरामागे चार

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सुकवंता सलामे
पदराच्या गाठीतून पासबुक सोडवते
आणि माझ्या टेबलावर उलटं ठेवते.
मी सरळ करतो. एकतीस मार्च, व्याज जमा,
एकशे ऐंशी रुपये.
पडलं बघा बाई व्याज, मी म्हणतो,
पोस्टमास्तरच्या आवाजात.

ती म्हणते, दोनशे पाह्यजे होते जी.

मला आधी हसू येतं.
जिचा अंगठा कागदावर उमटायला
शाईत दोनदा बुडवावा लागतो
ती मला हिशोब सांगते.
पण शिकवला मीच होता, मागच्या जूनमध्ये,
तेंदूपानाचे सहा हजार घेऊन
खातं उघडायला आली तेव्हा.
गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून शिकवला.

शाळेतलं मदक भागिले शंभर
तिच्यापुढे चाललं नाही.
मुद्दल तिला लगेच कळलं: बिजाई, खायची नाही.
काळही कळला.
दरापाशी मात्र अडली. मग आपणच म्हणाली,
फडीवर मुन्शी शंभर पुड्यामागं
चार पुडे फुकटचे उचलते, तसं?
तसंच, म्हटलं,
फक्त हे चार तुमच्याकडे येतात.

बराच वेळ ती काही बोलली नाही.
रात्री तीनला उठून जंगलात जायचं,
सत्तर पानं मोजून एक पुडा बांधायचा,
आणि शंभरामागे चार जायचे,
एवढं तिला पाठ होतं.
ते उलट्या वाटेनंही चालतात
हे तिनं तपासून पाहिलं असावं मनात,
खोट्या नाण्यासारखं वाजवून.
मग बोटं उघडली.
साठ शेकडे. शेकड्याला चार.
दोनशे चाळीस वर्षाचे, महिन्याला वीस.
जून ते मार्च महिने दहा,
वीस दाहे दोनशे.
तिचं बरोबर आहे.

मी नोंद पाहतो. अकरा जून.
बाई, दहा तारखेच्या आत भरलं तरच
तो महिना धरतात. अकराला भरलं
की जून गेला. नियम आहे.
नियम म्हणताना माझा आवाज
पुन्हा पोस्टमास्तरचा होतो.

दहालेच आली होती जी, ती म्हणते.
कोसमटोल्यावरून पायी.
कुलूप होतं.

दहा जून.
ऑफिस दोनपर्यंत उघडं असतं.
मी बाराला कुलूप घातलं होतं,
सालेकशाचा बाजार होता त्या दिवशी,
लोणच्याच्या कैऱ्या संपतात दुपारी.
बायकोनं सकाळी दोनदा बजावलं होतं.
चांगल्या मिळाल्या. कडक, आंबट,
कोयीची साल नुकती धरलेली.

मी खिशातून वीसची नोट काढतो.
ती नोटेकडे बघते, माझ्याकडे बघते,
हात पदराखालीच ठेवते.
नाही जी. माह्यं गेलं ते व्याज होतं.
तुमच्या खिशातलं जाईन
ते मुद्दल.

यावर खात्याच्या कोणत्याच पुस्तकात उत्तर नाही.
मी नोट पुन्हा खिशात घालतो,
ती पासबुक गाठीत बांधते,
गाठ दोनदा ओढून बघते, आणि दारातून म्हणते,
या साली दहाले असान ना?

असेन.

रात्री ताटात लोणचं येतं.
बरणी अजून अर्धी आहे, फोडी मुरल्यात छान.
बायको विचारते, मीठ जास्त झालं का?
नाही म्हणतो.
एक फोड बाजूला काढून ठेवतो ताटाच्या कडेला,
आणि जेवण होईपर्यंत
तिला हात लावत नाही.