कन्हान, तिसरी

मे महिना, दुपारचे दोन, इंदोऱ्यात
पोस्टमनने जाड कागदाचा लिफाफा दिला,
वर सोनेरी नांगर.
कूलरसमोर उघडे बसलेले बाबा ओठ हलवत वाचत राहिले :
युद्धनौका कन्हान नौदलात दाखल होत आहे.
आधीच्या कन्हानवरच्यांनी यावे.

कन्हान म्हणजे आमची नदी.
उन्हाळ्यात पुलावरून पाहा, नुसती वाळू आणि वाळूचे ट्रक.
कोण्या साहेबाचं नकाशावर बोट पडलं असेल,
आणि ती वैनगंगेची, गोदावरीची वाट न बघता
थेट समुद्रात गेली.

पहिली सुरुंग काढायची. लाकडी होती, भंगारात गेली.
दुसरीच्या इंजिनखोलीत बाबांची नऊ वर्षं
आणि डावा कान.
तिला आपल्याच लोकांनी बुडवलं, नेमबाजीच्या सरावात.
तो पेपर बाबांनी वाचला नाही,
घडी घालून गादीखाली ठेवला.

लहानपणी मी विचारलं होतं,
मग ही नवी, ती तीच काय?
"नाव तेच," ते म्हणाले. "नाव ती नाही."
आणि एकटेच हसले.
मला अजून व्याकरण यायचं होतं.

बैठकीत एक फोटो आहे.
खलाशाची टोपी कानांवर आलेली, वय तीन,
सुगत दौलत खोब्रागडे.
तो तापात गेला तेव्हा बाबा एडनच्या पुढे कुठेतरी.
तार चौथ्या दिवशी पोचली.
जहाज वळत नाही एका तारेसाठी.

मीही सुगत दौलत खोब्रागडे.
दाखल्यावर, रेशनकार्डावर, पगाराच्या चिठ्ठीवर.
आई हाक मारायची, तेव्हा मी जरा थांबायचो,
आधी दुसरं कोणी ओ देतं का बघायला.
नाव काढ, म्हणायचे सगळे.
कोणाचं, ते कोणी सांगितलं नाही.

उत्तराच्या कार्डावर रकाना होता :
सोबत येणाऱ्याचे नाव.
बाबांनी लिहिलं, सुगत.
पेन तसंच धरून भिंतीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"नवीवर पण घंटा पहिलीचीच आहे म्हणतात," ते म्हणाले,
"वाजवू देतील का रे?"

मला उत्तर माहीत नव्हतं.
मी कोल्ड्रिंकची रिकामी बाटली विसळली,
नळाखाली धरून बसलो.
सहाला नळ खोकला.
आधी हवा,
मग गंज,
मग कन्हान.