घंटेनंतर

पाळकांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया,
म्हणून त्या आठवड्यात पितळी घंटा माझ्याकडे आली.
मी मुखो बंदरातला जाळी सांधणारा.
पुढे उभं राहायचं म्हणून
आदल्या रात्री नखांतलं डांबर घासून घासून काढलं.

पहाटेचे पाच. बाहेर माकुळाच्या होड्या
दिवे न विझवताच परतत होत्या.
आत सतरा माणसं, एक रॉकेलची शेगडी,
ओल्या मोज्यांचा वास.

आमच्याकडे प्रार्थना रांगेने होत नाही.
"प्रभो!" तीनदा, छातीतून,
आणि मग सगळे एकदम, ज्याचं त्याचं, मोठ्याने.
कुणी कर्जाचं,
कुणी सोलला गेलेल्या मुलीचं, जी फोन उचलत नाही.
लाट धक्क्यावर फुटते तेव्हा
कुठला थेंब कुठला, कोण सांगणार?
त्या गलबल्यात शब्दाला आडोसा मिळतो.
देवाला सगळे वेगवेगळे ऐकू येत असतील;
शेजारच्याला कुणाचंच नाही.
सोय म्हणा, कृपा म्हणा.

ओकबुन दुसऱ्या बाकावर, भिंतीकडे.
डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही.
कान कशाने गेला हे गावात कुणी विचारलं नाही,
विचारायची गरजच नव्हती.
नवरा तीन वर्षांपूर्वी समुद्रात गेला;
होडी सापडली, तो नाही.
तेव्हापासून दर रविवारी ती आमचं सांत्वन घेते,
दोन्ही हातांनी, मान खाली घालून.

घड्याळ पाहिलं. घंटा वाजवली.
दातांनी दोरा तोडावा तसे आवाज तुटले.
एक तुटला नाही.

"...त्या रात्री मी पोटभर जेवले, बापा.
भात, मुळ्याचं लोणचं, त्याच्या वाटणीचा मासासुद्धा.
काटे काढून काढून, सावकाश.
आणि दाराला कडी न लावता झोपले."

शेगडीची फुरफूर तेवढी.
तिचे डोळे मिटलेलेच.
बाकीचे सोळा जण श्वास धरून,
आणि घंटेवर माझा हात,
चोराचा तिजोरीवर सापडावा तसा.
पुन्हा वाजवू? खोकू?
अजून एक वाक्य, की मग
उजव्या कानाने तिलाही शांतता ऐकू येणार होती.

तेवढ्यात माल्सुन, एक्याऐंशीची,
जिला बाक धरल्याशिवाय उठता येत नाही,
बसल्या जागेवरून गरजली, "प्रभो!
माझ्या जावयाची स्कूटर! तिचं काय करू सांग!
हप्ते मी फेडते, फिरतो तो!"
मागून कुणीतरी गुडघ्याचं काढलं.
मग सगळेच. घंटा झालेली असताना,
आधीपेक्षा जोरात, खिडकीची काच थरथरेपर्यंत,
जणू उघड्यावर पडलेल्या बाईभोवती
जो तो अंगावरचा कोट काढून धरत होता.

तिला कळलं का, मला माहीत नाही.
निघताना माल्सुनने तिच्या हातात
कागदात गुंडाळलेलं एक रताळं ठेवलं, गरम.
बोलली काहीच नाही.

मी घंटा कपाटात ठेवली, शेडवर आलो,
दार लावलं. म्हटलं, आता एकट्याने, मोठ्याने.
इथे आडोसा नाही.
चौदा वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लागून
माझी ही शेड.
"प्रभो," म्हटलं, आणि माझाच आवाज
रिकाम्या पिंपांवरून परत आला.
"प्रभो, मला सगळं ऐकू येत होतं.
मी रेडिओ मोठा करायचो."

पुढचं वाक्य अजून आलेलं नाही.
रोज दार लावतो, इथपर्यंत येतो,
आणि जाळ्याची सुई हातात घेतो.