आवाज कमी कर, रेमिहियो

लॅपटॉपची बिजागरी तुटली
ती रेमिहियोने जाळ्याच्या दोऱ्याने बांधली,
ओली झाली की आवळणारी गाठ.
आत लिनक्स. पोरगा पुंता अरेनासला जाण्याआधी घालून गेला,
पासवर्ड चुलीमागच्या फळीवर खिळ्याने कोरून.

रेडिओ पुएर्तो मोंतच्या मोडीत निघालेल्या टॅक्सीतला.
माइकची वायर कापून तिथे साउंड कार्ड जोडलं,
काडेपेटीहून लहान,
कास्त्रोच्या बाजारात दीड पोतं बटाट्यांना पडलं.
मुका माइक खिळ्याला लटकतो,
त्यावर कुणा ड्रायव्हरच्या अंगठ्याची झीज.

अक्षरांचे आधी सूर होतात,
एक बाराशेचा, एक बावीसशेचा.
बेडूक आणि रातकिडा एकाच डब्यात कोंडावेत तसे
खरखरतात क्षणभर,
आणि आखातापलीकडे, डोंगराआड,
एर्सिलियाच्या पडद्यावर पुन्हा अक्षरं.
व्हायला हवीत.

होत नव्हती. अकरा रात्री.
यंत्र दहादा दार ठोठावतं,
मग एक ओळ लिहून गप्प बसतं : संपर्क तुटला.
न जुळलेलं तुटतं कसं,
असं त्याने चुलीला विचारलं.
फोन करता आला असता. पण ते म्हणजे
जाळं टाकायचं सोडून मासा विकत आणणं.

पाकिटाचा नियम कडक.
शेवटी बेरीज असते. एक बिट इकडचा तिकडे झाला
की अख्खं टाकून द्यायचं.
आलं होतं, हेही कळवायचं नाही.
(थोरला भाऊ असाच, वाटणीपासून.)

त्याने अँटेना दोन हात वर चढवली.
आवाज वाढवला. आणखी वाढवला. शंभरावर नेला.
समोरचा ऐकेना की माणूस दुसरं करतो काय?

शनिवारच्या लाँचमधून पीठ आलं, गॅसच्या टाक्या,
आणि नावाड्याच्या खिशात भिजलेली चिठ्ठी :
रोज रात्री येतोस. इतक्या उशिरा दुसरं कोण असणार?
पण ओरडतोस. सूर कडेला फाटतात.
आवाज कमी कर, रेमिहियो.
आणि बटण दाबल्या दाबल्या बोलू नकोस,
माझ्या रेडिओला कान उघडायला
जरा वेळ लागतो.

काळ्या पडद्यावर मिक्सरचे उभे पट्टे.
बाण खाली, खाली,
लालातून पांढऱ्यात, पांढऱ्यातून हिरव्यात. तेहतीस.
बोलण्याआधीची शांतता : तीनशे मिलिसेकंद.
बाहेर ओहोटी, कुणाचं तरी कुत्रं.
लाल दिवा लागला. विझला.

जुळलं.

आता लिहायचं काय?
अकरा रात्री एकच शब्द पाठवला होता : चाचणी.
बोटं कळांवर तशीच, नखांत बटाट्याची माती.
तिकडूनच ओळ आली,
अक्षर अक्षर नव्हे, अख्खी, एकदम :
इथे पाऊस थांबलाय. तुझ्याकडे?

तो उठला.
खिडकीची काच बाहीने पुसून
बराच वेळ बघत राहिला,
खरं काय ते लिहायला.