खरपूस

अ‍ॅम्प लावला की लगेच वाजवायचं नाही,
ग्लेनिस हॅडली बजावते.
व्हॉल्व्ह लाल होऊ देत. तोवर चहा.

टिप्टनमधलं गॅरेज, नोव्हेंबर,
तोंडातून वाफ, तापल्या धुळीचा वास.
तीन वर्षं मी त्या आवाजामागे आहे:
बहात्तर सालचा, खरपूस,
करपण्याच्या बोटभर अलीकडचा,
जो थोरल्या भावाच्या खोलीतून
भिंतीपलीकडे माझ्या उशीत शिरायचा.

पेडलं घेतली, विकली,
त्यातलं एक जास्त पैसे मोजून परत घेतलं.
गेन दहावर नेला: उठलेलं मोहोळ.
ट्रेबल वाढवला: पत्र्यावर नख.
बायको म्हणाली, मला बाई सगळं सारखंच ऐकू येतं.
लागलं मनाला,
कारण तोवर मलाही तसंच ऐकू यायला लागलं होतं.

ग्लेनिस सत्त्याहत्तरची. तरुणपणी
कालव्यापलीकडच्या कारखान्यात
दिवसाला अकरा अ‍ॅम्प जोडायची.
आता तिथे गालिचे विकतात.
तिनं मागची फळी काढली,
कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला,
आणि आत बघता बघता हसत सुटली.
अरे, हा तर माझा!
हा डाख बघ, शेपूट डावीकडे. डावखुरी ना मी.
आणि हा रेझिस्टर? हा इथला नव्हेच.
नकाशात दुसरा होता. शुक्रवार असणार.
खोक्यातले संपले, साडेचारची बस,
हाताला लागला तो ठोकला.

मी विचारलं, बदलायचा?
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी मुरलेलं लोणचं धुऊन मागितलं.

मग गेन पाचावर आणला. पेडलं लाथेनं बाजूला.
व्हॉल्यूम मात्र असा चढवला
की खिळ्यांचा डबा फळीवरून चालू लागला.
वाजव, म्हणाली. जोर बोटात, बटणात नाही.
मी वाजवलं. चांगलं होतं.
फार चांगलं होतं.
ते नव्हतं.

भावाकडे कुठला अ‍ॅम्प होता?
अ‍ॅम्प कुठला. रेकॉर्ड लावायचा तो,
दार आतून बंद करून.

ग्लेनिस काही बोलली नाही.
गिटार माझ्या गळ्यातून काढून घेतली,
उलटी धरली, डाव्या हातानं,
आणि हनुवटीनं दाराकडे खूण केली.

बाहेर कचऱ्याचे ओले डबे,
शेजाऱ्याची सायकल, चौकोनी अंधार.
दार लागलं.
आत तिनं एकच सूर छेडला, बेसूरसा,
आणि विटांनी त्याची धार खाल्ली,
उरलं ते माझ्या छातीच्या उंचीवर आलं,
गुरगुरत, ऊबदार,
बेलमी रोडच्या त्या खोलीत
शाळेचा गृहपाठ राहिलेला असताना यायचं तसं.

तिनं आतून ओरडून विचारलं, आला का?
मी उत्तर दिलं नाही.
थांबली असती ती.