पांझरेच्या पात्रात दोन गाड्या

धडगावला बदली झाली तेव्हा साहेब म्हणाले,
मॅडम, सरकारी गाडी आहे, पण ती कागदावरच चालते.
म्हणून मार्चातल्या एका रविवारी धुळ्याला,
ऐंशी फुटी रोडवर, कादर पिंजारीच्या शेडसमोर
मी दोन जुन्या गाड्यांमध्ये उभी,
गुरांच्या बाजारात उभं राहावं तशी.
दात बघायचे, पण बघतोय असं दिसू द्यायचं नाही.

एक जीप. हिरव्यावर कुणीतरी पांढरा मारलेला,
नखाने खरवडलं की हिरवा डोळा उघडतो.
आत दोन दांडे, थोरला गियरचा, धाकटा चार चाकांचा.
धाकट्याच्या मुठीवरचे आकडे तळव्यांनी पुसून नेलेले,
कुठे टू, कुठे फोर, हे आता हातालाच ठाऊक.
आणि पुढची चाकं जोडायची तर
खाली उतरा, चिखलात वाका,
दोन्ही हब बोटांनी फिरवून कुलूप लावा.
मालक नथ्थू भदाणे, बोअरवेलवाले,
विचारायच्या आत म्हणाले,
"दुसरा गियर जड शे ताई, पयलेच सांगी ठेवस."

दुसरी पुण्याच्या डॉक्टरची, सर्व्हिस-बुकासकट.
सहा गियर, लोण्यात सुरी फिरावी तसे.
चारही चाकं कायम एकमेकांच्या संपर्कात.
पुढचं घसरलं की मागच्याला आपोआप कळतं,
मधे एक बंद डबी आहे, एजंट म्हणाला,
तीच ठरवते कुणाला किती ताकद द्यायची.
आणि डबी बिघडली तर?
"ते मग डबीलेच इचारा," कादरभाई म्हणाले.

त्यांचा उजवा कान कंप्रेसर फुटला तेव्हाच गेला.
ते गाडी ऐकत नाहीत, दांड्यावर पंजा ठेवून बसतात,
मी गाभण गाईच्या कुशीवर ठेवते तसा.

जीप पात्रात उतरताना करकरली.
क्लच सोडला, मधे रेस दिली, पुन्हा दाबला,
तेव्हा गेली दुसऱ्यात, शिव्या देत.
वाळूत टेकली तशी मी धाकटा दांडा ओढला.
आधी काहीच नाही.
मग पोटातून एकच ठोका,
वासराने आतून लाथ मारावी तसा,
आणि ती रेड्याच्या चालीने काठावर आली.

पुण्याची आवाज न करता शिरली, आवाज न करता निघाली.
मी जवळजवळ पैसे मोजायलाच लागले होते.
पण वर डांबरावर, स्टिअरिंग पूर्ण वळवून
वळसा घेताना ती अडखळली,
कुणी मागून पदर धरल्यासारखी.
कादरभाईंनी चारी टायरांवरून अंगठा फिरवला.
तीन झिजलेले. चौथा कोरा.
तीन ठेंगणे, एक उंच,
आणि ती डबी एवढे दिवस एकटीच
त्यांचं भांडण मिटवत बसलेली.

शेवटी दोघींचं तेल काढलं, दोन वाट्यांत.
जीपचं काळं, त्यात पितळेची बारीक चमक,
दुसऱ्या गियरची रिंग रोज थोडी थोडी उगाळली गेलेली.
पुण्याचं मात्र मधासारखं स्वच्छ. कालच बदललेलं.
बाजाराच्या आदल्या दिवशी म्हैस पिळत नाहीत,
कास भरलेली दिसावी म्हणून,
एवढं तरी मला नोकरीने शिकवलंय.

जीप घेतली.
रिंग मिळेना, मालेगावच्या भंगारातही नाही,
म्हणून पहिल्यातून थेट तिसऱ्यात जायला शिकले.
चांदसैलीच्या घाटात माझा ड्रेसर, जत्र्या पावरा,
न सांगता उतरतो, दोन्ही हब फिरवतो,
बोनेटवर थाप मारून परत बसतो.

कधीकधी ती पुण्याची आठवते.
सहावा गियर होता तिला.
इथे तिसऱ्याच्या पुढे रस्ताच नाही.