श्वास सोडा

आमच्या लॅबला खिडकी नाही.
बाहेर सोलापूर बेचाळीसवर,
आत मशीनसाठी वीस.
मी शिशाच्या एप्रनखाली स्वेटर घालते, मे महिन्यात.
आई हे गल्लीभर सांगून हसते.

एप्रन हँगरलाच लावायचा.
घडी घातली की आतलं शिसं चिरतं.
इरण्णाला हे रोज सांगते.
तो "होय की मॅडम" म्हणतो
आणि खुर्चीवर टाकतो.

टेबलावर येईल त्याला सांगायचं ठरलेलं:
अंगात गरम वाटेल.
लघवी झाल्यासारखं वाटेल, झालेली नसेल.
आणि मी म्हणेन तेव्हा श्वास धरायचा.
श्वास धरा,
नाही तर उसिरु हिडीरी,
नाही तर ऊपिरि पट्टंडी.
कन्नड रांगेतल्या पेशंटांनी शिकवली.
तेलुगू घरातली,
पण घरात हे वाक्य कधी लागलं नव्हतं.

आधी एक कोरं चित्र घ्यायचं, बरगड्या-मणक्यांसकट.
मग नळीतून औषध, आणि दुसरं.
दुसऱ्यातून पहिलं वजा.
हाडं जातात.
काळी, फांद्या फुटलेली
रक्ताची वाट तेवढी राहते.
कुणी हललं, खोकलं,
की वजाबाकी चुकते
आणि गेलेल्या बरगड्या
भुतासारख्या परत येतात.

परवा रात्री पावणेदोनला फोन.
राजमणी मेरगू, विडी घरकुल, वय अठ्ठावन्न.
जुना टीबी. खोकल्यातून रक्त.
मुलानं सोबत स्टीलचं पातेलं आणलेलं,
झाकण लावून,
डॉक्टरांनी बघावं म्हणून.
तिच्या बोटांना तंबाखूचा वास,
नखात विडीच्या दोऱ्याचा गुलाबी तुकडा.
मी तो काढला नाही.

हुंडेकरी सर मांडीतून आत शिरले,
तार पुढे, तारेवर नळी,
छातीतल्या एका बारीक तोंडापाशी थांबले.
"शैलजा, तयार?"
मी काचेमागून माइकवर म्हणाले, ऊपिरि पट्टंडी.
तिनं धरला.
खोकला घशात आलेला दिसत होता,
तरी धरला.

इतकं स्वच्छ चित्र वर्षात आलं नव्हतं.
कोपऱ्यात गुंता,
मागावर धागे तुटून एकमेकांत अडकावेत तसा.
सर म्हणाले, हेच.
इरण्णा म्हणाला, काय बे, किती मोठं.
मी ते चित्र थांबवलं, मोठं केलं,
कुठले दाणे, किती मायक्रॉन, नर्सशी बोलले.

मग काचेतून तिचे पाय दिसले.
बोटं आत वळलेली, ताठ.
मी "सोडा" म्हटलंच नव्हतं.

वदलंडी! वदलंडी!
माइक घुमला.
ती खोकली, रडली, मग म्हणाली,
तू सांगितलंच नाहीस, अम्मा.
किती सेकंद गेले
ते मी नंतर मशीनवर पाहिलं नाही.
पाहता आलं असतं.

दाण्यांच्या डबीवर नाव असतं: पॉलिव्हिनाइल अल्कोहोल.
नाना सायझिंगमध्ये होते तेव्हा
याच नावाची पोती यायची.
खळीत घालायचे,
ताण्याचा धागा तुटू नये म्हणून.
इथे वाट बंद व्हावी म्हणून.
नानांना एकदा सांगितलं होतं.
ते म्हणाले, पोतं केवढ्याला पडतं तुमचं?
डबीची किंमत सांगितल्यावर
दोन दिवस बोलले नाहीत.

साडेचारला रक्त थांबलं.
राजमणीनं दोन्ही हात जोडले, सरांना,
मग काचेकडे.
तिच्या बाजूनं मी दिसत होते की नाही, माहीत नाही.

छातीवरचा बॅज तीन महिन्यांनी तपासायला जातो.
किती किरणं लागली
त्याचा आकडा येतो, नेहमी मर्यादेत.

घरी आले तेव्हा
नळाला पाणी आलेलं, आई बादल्यांपाशी.
नाना बाहेरच्या खोलीत, तोंड उघडं.
आत घेतलेला श्वास
मध्येच कुठेतरी अडकलेला.
डॉक्टरांना दाखवू म्हणते दर महिन्याला.
मी चपला हातात घेऊन दारात उभी.
एक. दोन. तीन. चार.
वदलंडी, म्हणाले,
हळू, पेशंटला म्हणतात तसं.

आईनं नळ बंद करून विचारलं,
कोणाशी बोलतेस गं?